पंधरा वर्षांच्या गुप्तहेराला साडेनऊच्या आत घरी यावं लागतं

प्रश्न: नाशिकच्या भांडीबाजाराच्या उतारावरच्या एका जुन्या वाड्यात घडणारी किशोरवयीन वाचकांसाठीची रहस्यकादंबरी लिहिते आहे. नायिका केतकी, वय १५, दहावीत. गोदेला पूर आलेल्या रात्री देवघरातली कागदांची पेटी नाहीशी होते आणि केतकी तिचा छडा लावते. एकूण २० प्रकरणं ठरवली आहेत, १२ लिहून झाली. एका संपादकांनी वाचून सांगितलं, "मुलगी पंधराची वाटत नाही." माझा १३ वर्षांचा भाचा तिसऱ्या प्रकरणातच म्हणाला, "बिल्डरच असणार." कुठे चुकतंय? आणि कथेत १९०९ शी, म्हणजे नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनच्या वधाशी, काही जोडता येईल का?

उत्तर:

तुमची बाराही प्रकरणं दोनदा वाचली. तुमचे संपादक आणि तुमचा भाचा एकाच दुखण्यावर बोट ठेवताहेत.

नवव्या प्रकरणात केतकी रात्री अकरा वाजता अॅक्टिव्हा काढते, गंगेवरून, म्हणजे गोदा ओलांडून, पंचवटीत जाते, बिल्डरच्या ऑफिसचं शटर वर करते, कम्प्युटरमधल्या फायली बघते आणि साडेबाराला घरी येऊन झोपते. या वेळात तिची आई कुठे आहे? दहावीतली मुलगी दीड तास घरात नाही आणि वाड्यात कोणालाच पत्ता नाही? माझ्या ओळखीच्या कुठल्याही वाड्यात मुलगी रात्री दहानंतर नुसती माडीवरून खाली उतरली तरी तीन खोल्यांतून "कोण गं?" अशी हाक येते. तुम्ही केतकीला मोठ्या माणसाची मोकळीक दिलीत, म्हणून ती पंधराची वाटत नाही. आणि ती कुठेही जाऊ शकते म्हटल्यावर गुन्हेगार लपवायला तुमच्याजवळ जागाच उरली नाही. मग राहतो तो बिल्डर. सोन्याची साखळी, पांढरी गाडी, आल्या आल्या वाड्याची किंमत विचारणारा. तुमच्या भाच्याचं काय चुकलं?

तेव्हा माझा सल्ला एकच आहे, बाकीचं सगळं त्याच्याच पोटात: तिला बांधा. वेळेला बांधा, परवानगीला बांधा, वाहनाला बांधा. मोठ्यांच्या रहस्यकथेत गुप्तहेर अडथळे पार करतो. किशोरवयीन गुप्तहेराच्या कथेत ते अडथळेच कथानक तयार करतात.

आधी गाडी. ५० सीसीच्या वरचं काहीही चालवायला वयाची १८ वर्षं पूर्ण लागतात. सोळाव्या वर्षी जे लायसन्स मिळतं ते ५० सीसीच्या आतल्या बिनगिअरच्या गाडीचं, आणि तसल्या गाड्या आता रस्त्यावर शोधाव्या लागतात. केतकी तर पंधराचीच. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रत्यक्षात मुलं गाड्या चालवतात, गंगापूर रोडला संध्याकाळी उभं राहिलं की दिसतंच. पण तुमच्या पुस्तकात तिने चालवली तर त्याचा काहीतरी परिणाम दिसला पाहिजे. पकडली तरी गेली पाहिजे, नाहीतर बाबांना दंड तरी भरावा लागला पाहिजे. मी असते तर सायकल दिली असती. जुनं नाशिक टेकाडांवर वसलेलं आहे. उतारावर सायकल सुसाट जाते आणि परत येताना ढकलत आणावी लागते. म्हणजे पळून जाणं सोपं आणि घरी वेळेवर पोचणं अवघड. पाठलागाच्या प्रसंगात याचा किती उपयोग आहे बघा. सिटीलिंकची बस आहेच, पण तिची वाट बघताना माणसं भेटतात, प्रश्न विचारतात, "काय गं, इकडे कुठे?" तेही हवंच.

मग वेळ. ऑगस्टमधल्या पंधरा वर्षांच्या मुलीचा दिवस कागदावर मांडा. सकाळी क्लास, मग शाळा, दुपारी परत क्लास, घटक चाचणी तोंडावर. मोकळा वेळ उरतो साधारण पाऊण तास. पण ऑगस्टातच ढोलपथकांचा सराव सुरू झालेला असतो. केतकीला पथकात घाला. सरावामुळे तिला साडेनऊपर्यंत बाहेर राहायची अधिकृत परवानगी मिळते. शिवाय पथकात तिच्याबरोबर वेगवेगळ्या पेठांतली, वेगवेगळ्या घरांतली मुलं असतात, एरवी शाळेत कधी भेटली नसती अशी. भांड्यांच्या दुकानात काम करणारा मुलगा आणि कॉलेज रोडची मुलगी एकाच रांगेत उभी राहून ढोल वाजवतात. तुमचे साक्षीदार तिथेच सापडतील. आता तिला एखाद्या ठिकाणी जायचं असेल तर सराव बुडवावा लागेल, बुडवला तर पथकातलं कोणीतरी घरी बोलेल, आणि बोललं की परवानगी जाईल. पेटी शोधण्याइतकीच ही परवानगी टिकवण्याची लढाई वाचकाला खरी वाटते, कारण ती त्याची स्वतःची रोजची लढाई आहे.

मोबाइलचं दुखणं हल्लीच्या प्रत्येक रहस्यकथेला आहे. एक फोन केला की अर्धं कोडं सुटतं. मोठ्यांच्या कथेत लेखकाला बॅटरी संपवावी लागते, रेंज घालवावी लागते आणि वाचक हसतो. तुमच्याकडे त्याहून भक्कम सोय आहे: दहावी. दहावीच्या मुलीचा फोन आईच्या कपाटात असतो आणि रोज अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात ती काय बघेल, काय वाचायचं राहून जाईल, कोणता स्टेटस चोवीस तासांनी उडून जाईल, यावर एक अख्खं प्रकरण उभं राहतं.

आता नाशिककडे येते, कारण तुमच्या कादंबरीत पूर आहे आणि तो तुम्ही पडद्यासारखा मागे लावून ठेवलाय. पाऊस, अंधार, वीज चमकते, कोणीतरी किंचाळतं. असला पूर कुठल्याही गावाला चालेल.

माझी स्वतःची फजिती सांगते. २२ वर्षांपूर्वी माझी पहिली किशोरकादंबरी आली. तिच्यात माझा खलनायक भर पुरात गंगेवरच्या रामसेतू पुलावरून पळत पंचवटीत जातो असं मी लिहिलं होतं. महिन्याभराने एका सातवीतल्या मुलाचं पोस्टकार्ड आलं: तुम्ही लिहिलंय की पाणी दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी होतं, मग रामसेतू पाण्याखाली असणार, मग तो माणूस पळाला कसा? शेवटी 'आपला विश्वासू'. ते कार्ड आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे. संपादकाच्या, मुद्रितशोधकाच्या आणि माझ्या नजरेतून जे निसटलं ते बारा वर्षांच्या मुलाने पकडलं. रहस्यकथेचा वाचक असाच असतो, आणि या वयाचा वाचक सगळ्यांत कडक.

तर दुतोंड्या मारुती. बाहेरगावच्या वाचकासाठी दुसऱ्याच प्रकरणात सांगून टाका की रामकुंडाजवळ नदीच्या पात्रात उभी असलेली ही मूर्ती म्हणजे नाशिककरांची पुराची मोजपट्टी. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हे बातम्यांत सांगतात, पण गावात भाषा वेगळी चालते: गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीला आलं, मारुती बुडाला. त्याच्याही पुढे गेलं की नदीकाठच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेचं नाव निघतं. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांची आठवण काढा, सराफबाजार आणि भांडीबाजारातला प्रत्येक दुकानदार तुम्हाला पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं ते हात करून दाखवेल. म्हणजे तुमच्याजवळ गावभर माहीत असलेलं, सगळ्यांना दिसणारं एक घड्याळ आहे, आणि तुम्ही ते वापरलेलंच नाही. कोणीही "साडेसातची गोष्ट" म्हणत नाही. "कमरेला पाणी लागलं तेव्हाची गोष्ट" म्हणतं. साक्षीदाराची वेळ चुकू शकते. पाण्याची पातळी चुकत नाही, आणि खोटं बोलणारा माणूस घड्याळ जुळवायला विसरत नसला तरी मारुती जुळवायला विसरतो.

केतकीचा काका म्हणू दे की मी आठ वाजता रामसेतूवरून चालत आलो. केतकीच्या मैत्रिणीच्या स्टेटसमध्ये सातलाच पूल पाण्याखाली गेलेला दिसू दे. काका खोटं बोलतोय. वाचक खूश होतो, त्याला वाटतं, सापडला! पण काका पेटीसाठी खोटं बोलत नसतो. तो नदीच्या अलीकडच्या काठावरच होता, बिल्डरला भेटला होता, आपल्या वाट्याची बोलणी करत होता. लाजिरवाणं आहे, पण चोरी नाही. संशयितांचं सूत्रच हे: प्रत्येक जण काहीतरी लपवतो, प्रत्येकाचं कारण निराळं, आणि त्यातलं एकच लपवणं मूळ गुन्ह्याशी जोडलेलं. बिल्डरला काढून टाकू नका. तुमच्या भाच्याच्या वयाच्या प्रत्येक वाचकाला तो हवाच आहे, त्याच्याकडे बोट दाखवायला. त्याला दहाव्या प्रकरणापर्यंत पुरवा आणि मग निर्दोष ठरवा. निदान या प्रकरणात तरी.

मग पेटी नेली कोणी?

मी तुमच्या वाड्याचा नकाशा काढून बघितला. तुम्ही फार चांगलं लिहिलंय ते: दिंडी, चौक, ओसरी, माजघर, बळद, वर माळा. दिंडीला रात्री आतून आगळ. सकाळी आगळ जागच्या जागी. म्हणजे पेटी नेणारा आतलाच, किंवा आगळ घालण्याआधीच पेटी गेलेली. तुम्ही इथे भुयार काढलंत. नका काढू. नाशिकच्या प्रत्येक वाड्यातून काळारामाला भुयार जातं असं प्रत्येक वाड्यातली एक आत्या सांगते, आणि ते भुयार आजवर एकाही आत्येने पाहिलेलं नाही. विनोदासाठी वापरा हवं तर. (पांडवलेण्यातला मध्यरात्रीचा प्रसंगही काढा. ती पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली जागा आहे, अंधार पडायच्या आत बंद होते. आणि नाशिकच्या मुलांना तिथल्या पायऱ्यांची भीती वाटत नाही, कंटाळा येतो.)

भुयारापेक्षा चांगली गोष्ट तुमच्या चौथ्या प्रकरणात आहे आणि तुम्ही ती दोन ओळींत संपवलीत. पाणी चढायला लागलं की उतारावरची सगळी घरं आणि दुकानं सामान वर हलवतात. हंडे, पातेली, खोकी, गाद्या, धान्याचे डबे. गल्लीतला प्रत्येक माणूस हातात काहीतरी घेऊन निघालेला असतो. पेटी घेऊन जाणाऱ्याला त्या संध्याकाळी कोण थांबवणार? वर्षातली हीच एक वेळ, जेव्हा घरातून पेटी बाहेर नेणं हे चोरीसारखं दिसत नाही. त्यात खबरदारी म्हणून वीज बंद केलेली, म्हणजे दुकानांवरचे कॅमेरे बंद. सीसीटीव्हीचा प्रश्न एका वाक्यात सुटला, आणि तोही खरा.

आता त्या घराचा एक नियम करा. आजीचा नियम: "मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की देवघर वर न्यायचं." हे वाक्य दुसऱ्या प्रकरणात येऊ दे, जेवताना, थट्टेत, कोणीतरी आजीची नक्कल करत. वाचकाने हसून पुढे जावं. चौथ्या प्रकरणात पुराच्या धांदलीत आजी म्हणते, "चला, देवघर हलवा." सगळे हलवतात. कोणालाच काही वावगं वाटत नाही, कारण आजीच सांगतेय आणि देवघराचा शब्द तिचाच. तेराव्या प्रकरणात, फोन मिळालेल्या त्या अर्ध्या तासात, केतकी स्वतःच काढलेला व्हिडिओ पुन्हा बघते. देवघर हलवलं त्याच वेळचा. मारुतीच्या गुडघ्याला पाणी आहे.

गुडघ्याला. कमरेला नाही. जन्मभर पाळलेला नियम आजीने त्या दिवशी तासभर आधी मोडला.

वाचकाला हा पुरावा पूर्ण मिळालेला आहे. नियम त्याने वाचलाय, हलवाहलव वाचलीय, व्हिडिओ काढताना केतकीला पाहिलंय. तरी त्याला दिसलं नाही, कारण आजीला कोणी विचारलंच नव्हतं. काकाला विचारलं, भाडेकरूला विचारलं, बिल्डरला विचारलं. आजी एकदाही खोटं बोललेली नाही. पुरावा लपवायचा म्हणजे कपाटात कोंडायचा नसतो. चार भांड्यांत पाचवं म्हणून मांडून ठेवायचा असतो. एक पथ्य पाळा: महत्त्वाची गोष्ट परिच्छेदाच्या शेवटी ठेवू नका, तिथे नजर थांबते. मध्ये ठेवा, आणि लगेच पुढे काहीतरी पडू द्या, फुटू द्या, कोणीतरी भांडू द्या.

यातून आणखी एक गोष्ट आपसूक जमते. घरात दोघींकडे कोणाचं लक्ष नसतं: म्हातारीकडे आणि मुलीकडे. लक्ष नसतं म्हणून केतकी गुपचूप ऐकू शकते, आणि लक्ष नसतं म्हणूनच आजी गुपचूप करू शकते. दुकानातल्या पोऱ्याच्या डोक्यावर हंड्यांच्या खोक्याबरोबर पेटी दिली की झालं. आणि केतकी, जिला स्वतःकडे कोणी लक्ष देत नाही म्हणून राग येतो, तिने आजीकडे दुर्लक्ष केलेलं असतं. तो राग आणि ती शरम एकाच पानावर आली की ती पंधराची वाटेल. तुमच्या संपादकांना मग विचारा.

आजीने हे का केलं? सध्या पेटीत तुम्ही पेशवेकालीन खजिन्याचा नकाशा ठेवलाय. काढा तो. खजिना फक्त बिल्डरला हवा असतो. आजीला हवी अशी गोष्ट पेटीत ठेवा.

तुम्ही विचारलं होतं की १९०९ शी काही जोडता येईल का. येईल, पण हात राखून. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. हे नाशिकच्या शाळेतल्या मुलाला पाठ असतं. पण त्यानंतर गावात जी धरपकड झाली, झडत्या झाल्या, जबान्या घेतल्या गेल्या, त्याबद्दल शाळेत कोणी फारसं बोलत नाही. तुमचं माणूस तिथून उचला. केतकीच्या खापरपणजोबांचा फोटो ओसरीवर हार घालून लावलेला आहे, पोलिसांचा मार खाल्लेले म्हणून त्यांचं नाव आहे, १५ ऑगस्टला त्यांच्या नावाने घरच्यांना नारळ मिळतो. पेटीतल्या कागदांत त्यांच्याच हातचं काहीतरी आहे: मार खाऊन त्यांनी एका मित्राचं नाव सांगितलं होतं. हे आजीला तिच्या सासूने सांगितलं, सासूला तिच्या सासूने. पुरुषांना ठाऊकच नाही. आणि केतकीचे बाबा यंदा १५ ऑगस्टला ती पेटी जाहीर समारंभात संग्रहाला देणार आहेत, न उघडताच. पूर आला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. आजीजवळ आठ दिवस होते.

एक मर्यादा मात्र पाळा. त्या खटल्यातले आरोपी, साक्षीदार, माफीचे साक्षीदार यांची नावं नोंदलेली आहेत. तुमच्या काल्पनिक माणसाला त्यांच्यापैकी कोणाच्या जागी बसवू नका, आणि ज्याचं नाव त्याने सांगितलं तो मित्रही काल्पनिकच ठेवा. खऱ्या माणसाच्या माथी काल्पनिक फितुरी मारायची नाही. तारखा खऱ्या, थिएटर खरं, गावावरचा धाक खरा, जबानी तुमची. केतकीला तपासासाठी जुने कागद बघायचे असतील तर तिला सावानात पाठवा. हे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे आणि दहावीच्या मुलीला तिथे बसायला घरून कोणी नाही म्हणत नाही. "अभ्यासाला जाते" हे तिचं आयुष्यातलं पहिलं खरं वाटणारं खोटं असू दे.

पोलिसांचं आता. तुमचे इन्स्पेक्टर केतकीला चौकीत बोलावतात, खुर्ची देतात, फाइल दाखवतात आणि शेवटी पाठ थोपटतात. असं घडत नाही. आणि जे घडतं ते तुमच्या प्रसंगापेक्षा कितीतरी रंगतदार आहे. साक्षीदार म्हणून १५ वर्षांखालच्या मुलाला किंवा कुठल्याही वयाच्या स्त्रीला जबाबासाठी पोलीस ठाण्यात यायला लावता येत नाही. पोलिसांनी राहत्या घरी जायचं असतं. आधीच्या कायद्यातही हे होतं, आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. मुलांशी बोलताना शक्यतो गणवेश नको हेही ठरलेलं आहे. तेव्हा प्रसंग असा लिहा: साध्या कपड्यातली महिला पोलीस ओसरीवर बसलीय, केतकी समोर, आई शेजारी, माडीच्या कठड्याला टेकून भाडेकरू ऐकताहेत, काका चौकात उगाच झाडांना पाणी घालतोय. पावसाळ्यात. आणि चहा घेऊन आजी येते. केतकीला सत्य कळलेलं आहे. ती काय बोलेल? तुमच्या चौकीत असला ताण कुठून येणार?

बारीकसारीक चुका: तक्रार आधी ठाणे अंमलदार घेतो, थेट इन्स्पेक्टर नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यामुळे तुमच्या पुस्तकातला पोलीस घरातल्या चोरीला '३८०' म्हणणार नाही. ते कलम आता ३०५. (माणसं 'चारसोवीस' म्हणतच राहतील, म्हणू द्या.) आणि शहरात नदीच्या अलीकडे-पलीकडे ठाण्याची हद्द बदलते. पेटी पंचवटीत सापडली की "आमच्याकडे नाही, तिकडे जा" हे वाक्य ठेवायला विसरू नका.

बोलीबद्दल थोडंच. तुमची मुलं सदाशिव पेठेत बोलतात. जुन्या नाशिकमधली पोरं "ना भो", "काय भो" म्हणतात, आणि गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही. "गंगेवर चाललोय" म्हणतात. केतकीची आई भाषणात गोदावरी म्हणेल आणि घरात गंगा. पण दर वाक्यात 'भो' पेरू नका, नाहीतर नाटकातला गडी वाटेल. एका पानावर एकदा पुरे.

रंगपंचमीचं प्रकरण मला मनापासून आवडलं आणि तरी ते या पुस्तकातून काढावं लागेल. ऑगस्टच्या पुराला मार्चची रहाड (रंगपंचमीचा रंगाचा हौद) जोडायची म्हणजे पेटी सात महिने लपवून ठेवावी लागते आणि मधला सगळा ताण सांडतो. पण फेकू नका. पेशवाईपासूनचे ते हौद, वर्षभर फळ्या आणि मातीखाली बुजवलेले, वरून लोक, गाड्या जाताहेत आणि खाली पोकळी. रंगपंचमीला उघडायचे, धप्पे मारायचे, म्हणजे आत उड्या घ्यायच्या, पुन्हा बुजवायचे. बुजवताना आत राहिलेली वस्तू पुढच्या फाल्गुनापर्यंत कोणाच्या हाती लागणार नाही. शिवाय प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. शनी चौकात होतो म्हणणाऱ्याच्या सदऱ्याला तिळभांडेश्वर लेनच्या रहाडीचा रंग असला तर? आणि बरोबर त्याच दिवसांत दहावीची परीक्षा. केतकीचं दुसरं पुस्तक तयार आहे. पहिल्यात घालून ते वाया घालवू नका.

लिहायला बसण्याआधी एक काम करा. मोठा कागद घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे खरोखर काय घडलं ते, पाण्याच्या पातळीनुसार: घोट्याला, गुडघ्याला, कमरेला, छातीला. प्रत्येक पातळीला घरातला प्रत्येक माणूस कुठे होता. उजवीकडे केतकीला त्यातलं काय, कोणत्या प्रकरणात, कोणाच्या तोंडून कळतं. डावा रकाना पूर्ण भरल्याशिवाय तेरावं प्रकरण लिहू नका. मी दर पुस्तकाला हे करते आणि दर वेळी डावीकडे कोणीतरी एकाच वेळी दोन ठिकाणी सापडतं. तुमच्या आत्ताच्या मसुद्यात भाडेकरू आहे: सहाव्या प्रकरणात तो नाशिकरोडला प्रेसमध्ये रात्रपाळीला गेलाय आणि सातव्यात त्याच रात्री गच्चीवर सिगारेट ओढतोय. तुमचा भाचा तिथवर पोचला नाही म्हणून वाचलात.

शेवटाबद्दल मला तुमच्याशी थोडं भांडायचंय. तुमच्या आराखड्यात विसाव्या प्रकरणात केतकीचा सत्कार आहे. आजीच्या वाटेने गेलात तर सत्कार कशाचा? पेटी सापडली हे तिने सांगितलं तर ओसरीवरचा हार उतरतो. नाही सांगितलं तर बाबा आयुष्यभर काकावर संशय घेतील, आणि काकाने ही चोरी केलेलीच नाही. मी यातलं काय निवडलं असतं ते मुद्दाम सांगत नाही. एवढंच बघा की निवड केतकीची असावी, आईबाबांची नाही, पोलिसांचीही नाही. आणि तिने जे निवडलं त्याची किंमत शेवटच्या पानापर्यंत कोणीतरी मोजताना दिसावं. या वयाच्या वाचकांना कडू शेवट झेपत नाही असं प्रकाशक म्हणतील. मला आजवर आलेल्या पत्रांत एकाही मुलाने शेवट कडू होता म्हणून तक्रार केलेली नाही. सोपा होता म्हणून केलीय, तीही तिघांनी.

लांबी ३५ ते ४० हजार शब्दांत बसवा. तुमची बारा प्रकरणंच ३१ हजार झालीत. पहिल्या प्रकरणातला वाड्याचा इतिहास चार पानांवरून एका पानावर आणा. पेटी चौथ्याऐवजी दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी जाऊ द्या. मग आजीचा नियम पहिल्याच प्रकरणातल्या जेवणात येईल, देवघर दुसऱ्यात हलेल, आणि तेही चांगलंच, कारण पहिल्या प्रकरणात वाचक माणसांची नावं लक्षात ठेवण्यात गुंतलेला असतो.

आणि पुढच्या पावसाळ्यात धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की पोलिसांनी लावलेल्या दोरीच्या अलीकडे, गंगेवर पूर बघायला जमलेल्या गर्दीत जाऊन उभ्या राहा. नदीकडे पाठ करून. सगळे मारुतीकडे बघत असतात तेव्हा कोण कोणाशी काय बोलतं, कोण फोन करतं, कोण गर्दीतून हळूच निघून जातं, ते टिपून घ्या. नववं प्रकरण फाडू नका. त्यातलं शटर तेवढं खाली ओढा, आणि केतकीला साडेनऊला घरी आणा.